टाळी कुठल्या अक्षरावर

इटालियन भाषेत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा हे लिहिलेलं नसतं. जोर शेवटच्या अक्षरावर असला तर त्याच्या डोक्यावर एक तिरकी रेघ काढतात. बाकी ठिकाणी जन्मतःच माहीत असल्यासारखं आपलं बोलत सुटायचं. ही व्यवस्था ज्या कोणी केली त्याला मी माझ्या वर्गात बाकावर उभं केलं असतं. मी धारवाडच्या एका मराठी शाळेत नोकरीभर वृत्तं शिकवली. लघू कुठला, गुरू कुठला, हे आमच्याकडे डोळ्यांना दिसतं. जोडाक्षर आलं की त्याच्या आधीचं अक्षर गुरू, विषय संपला. ज्याला दिसत नाही त्याला पुन्हा समजावून सांगता येतं.

या वयात मला इटालियन कशाला लागलं, तर नातवासाठी. माझी मुलगी इटलीत असते. जावई हुबळीचा, घरचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. पण त्याचं कापडात लक्ष नव्हतं. तो तारिहाळच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह बनवायच्या कामाला लागला आणि तिथूनच इटलीतल्या कारखान्यात गेला. नातू तिकडेच झाला. तो चालायला वेळेत लागला, दात वेळेत आले, बोलायला मात्र लागेना. चौथं वरीस लागलं तरी बोटानं दाखवायचा आणि हाताला धरून ओढायचा. आम्ही रोज संध्याकाळी व्हिडिओवर त्याच्याकडे बघायचो आणि फोन ठेवल्यावर एकमेकांकडे बघायचो नाही.

तिथं मुलांना बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मुलगी त्याला त्यांच्याकडे घेऊन गेली. बाईंनी कान तपासून घेतले, जीभ बघितली, सगळं नीट होतं. मग त्या म्हणाल्या, घरात तुम्ही त्याच्याशी कसं बोलता ते रेकॉर्ड करून आणा. मुलीनं आणलं. आणि तिथं आमची एक सवय उघडी पडली, जी सवय आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमच्या धारवाडकडच्या मराठी घरांत लहान मुलाशी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात. एकदा मराठीत आणि लगेच पाठोपाठ कन्नडात. "ये बाळा, बा." "दूध पी, हाल कुडी." "पुरे आता, साक." कुणी ठरवून करत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, मुलाला दोन्ही लागणारच, तर दोन्ही देऊन टाकायचं. आमच्या आईनं असंच केलं, मी असंच केलं आणि माझी मुलगी तिथं परदेशात स्वयंपाकघरात उभी राहून तेच करत होती. फक्त तिनं त्यात तिसरं घातलं होतं. दूध, हाल, लात्ते. पाणी, नीर, आक्वा. रेकॉर्ड ऐकून त्या बाई म्हणाल्या म्हणे, एका पेल्याला तीन नावं ऐकून हे मूल थांबून राहिलंय, निवडत बसलंय. सध्या एकच भाषा ठेवा, शाळेतली. घरातही तीच. आणि फोनवर आजी-आजोबांनाही सांगा, त्या भाषेतले थोडे शब्द येत असतील तर तेवढे बोला, नाही तर हसून हात हलवा.

हात हलवा! मी काय निवडणुकीला उभी राहिले होते?

"अगं, मग तू कशी बोललीस?" मी मुलीला फोनवर विचारलं. "तुला दोन्ही भाषा एकदमच दिल्या होत्या की. वर्षाची नव्हतीस तेव्हा भाजीवालीशी भांडायचीस."

"आई, मी बोलले म्हणून तो बोलेल असं नाही ना."

"पण भाषा जास्त झाली म्हणून कुणी मुकं होतं का? आपल्याकडं अख्खं गाव..."

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला काही माहीत नाही, आई. तू सांग, मी काय करू? त्यांचं ऐकू नको?"

आम्ही दोघी मग बराच वेळ त्याच्या सर्दीबद्दल बोललो.

एक उपाय माझ्याजवळ होता तो मी करून बघितला. आमच्याकडे मूल लवकर बोलेना झालं की वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात. कन्नडात त्याला बजे म्हणतात आणि तिन्हीसांजेला ते लावणारी आज्जी प्रत्येक गल्लीत असते. मी हुबळीला जाऊन चांगलं जुनं, घट्ट वेखंड आणलं, सहाण गुंडाळली आणि विहीणबाईंकडे दिली, कारण त्यांचा कुणी नातलग तिकडे निघाला होता. मुलीचा फोन आला. ती चिडली नव्हती, चिडली असती तर बरं झालं असतं. "आई, त्याच्या जिभेला काही झालेलं नाहीये," एवढंच म्हणाली. वेखंड तिनं लावलं की नाही हे मी विचारलं नाही.

मग चित्रांचे कागद आले. बाईंनी दिलेले, मुलीनं फोनवरून पाठवलेले. वर मांजराचं, टेबलाचं, फुलपाखराचं चित्र आणि खाली शब्द तोडून लिहिलेला. गात-तो. ता-वो-लो. फार-फाल-ला. प्रत्येक तुकड्याला एक टाळी आणि जिथं जोर तिथली टाळी मोठी. मुलगा आणि आई समोरासमोर बसून टाळ्या वाजवत शब्द म्हणणार आणि आम्हीही फोनवर तेच करायचं. हे बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हे तर माझंच काम. शब्द फोडायचा, तुकडे मोजायचे, जड कुठला हलका कुठला बघायचं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला सगळे शब्द देवनागरीत उतरवले आणि वर लघू-गुरूच्या खुणा केल्या.

आणि माझा नियम लागू पडला की! फार्फाल्ला म्हणजे फुलपाखरू. त्यात ल्ला हे जोडाक्षर, म्हणून आधीचं फा गुरू, आणि जोरही नेमका तिथंच. फिनेस्त्रा म्हणजे खिडकी. स्त्रा जोडाक्षर, जोर ने वर. माक्किना म्हणजे मोटार, आल्बेरो म्हणजे झाड, सगळे ओळीत उभे राहिले. मी यांना हाक मारली. हे म्हणजे माझे यजमान. भूमापन खात्यात होते, जमिनी मोजून मोजून निवृत्त झालेले, बोलणं मुळातच बेताचं.

"अहो, बघा. हे लोक आपल्याच नियमानं चाललेत."

त्यांनी चष्मा लावून कागद बघितला. "आणि हे?" म्हणाले. बोट तावोलोवर होतं, म्हणजे टेबल. त्याच्या खाली लुमाका, गोगलगाय. दोन्हींत तीन अक्षरं, दोन्हींत एकही जोडाक्षर नाही. तरी तावोलोचा जोर ता वर आणि लुमाकाचा मा वर. का? मी मुलीला विचारलं.

"त्याला काही नियम नाही, आई. पुष्कळदा शेवटून दुसऱ्यावर असतो, पण प्रत्येक वेळी नाही."

"मग ओळखायचं कसं?"

"ऐकून."

ऐकून! ज्यानं ऐकलेलंच नाही त्यानं काय करायचं? आम्ही मराठी-कन्नड बोलणारी माणसं सगळ्या अक्षरांना जवळपास सारखंच वागवतो. एखाद्या अक्षराला उचलून डोक्यावर घ्यायचं आणि पुढच्याला पायाखाली टाकायचं ही रीत आमच्या तोंडात नाही. यजमान तर तावोलो असं म्हणायचे की तिन्ही टाळ्या एकसारख्या, साखळीनं शेत मोजल्यासारख्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवून मोठी टाळी कुठं ते दाखवायची. जेवणाच्या टेबलाशी बसून आम्ही दोघं म्हातारी टाळ्या वाजवत होतो आणि खिडकीतून शेजारच्या अक्का बघत होत्या. "एनु, भजने एनरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हौदु, भजनच आहे. सांगणार तरी काय.

फोनवर मी पहिला शब्द म्हटला तो तावोलो. आणि जोर दिला वो वर. नातवानं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. त्याचं तोंड शब्दासाठी थोडंसं उघडलं होतं, ते मिटलं. मुलीनं लगेच बरोबर करून म्हटलं, पण तो उठून गेला होता. तिनं मला काही बोल लावला नाही. नंतर हळूच म्हणाली की बाईंचं म्हणणं आहे, तो शब्दाचा आकार कानानं धरून ठेवतो, जोर हलला की त्याला तो शब्दच ओळखू येत नाही. जमल्यास बरोबर म्हणायचं, नाही तर...

नाही तर हात हलवायचा.

त्या दिवसापासून मला भीती बसली. पोराच्या तोंडाशी आलेला शब्द माझ्या चुकीनं परत जाईल ही भीती. वर्गात मी किती मुलांना तोंडावर पाडलं असेल, तेव्हा कधी जीभ अडखळली नाही. आता चार वर्षांच्या नातवासमोर तोंड उघडायच्या आधी मी कागदावरची खूण बघायची, मनात टाळी वाजवायची, आणि तोवर तो पडद्यावरून निघून गेलेला असायचा. मला इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं. मला त्याला "ये रे माझ्या सोन्या" म्हणायचं होतं आणि मी त्याला गोगलगाय, खिडकी, झाड असं म्हणत होते.

डिसेंबरात मुलगी आणि नातू महिनाभर आली. येण्याआधीच मुलीनं सांगून ठेवलं होतं, घरातही तसंच करू या, बाई म्हणाल्यात खंड नको. आम्ही कबूल केलं. आणि आमचं घर, जिथं दोन भाषांत मिळून कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, ते गप्प झालं. तो खोलीत आला की आम्ही बोलणं थांबवायचो. यजमान त्याच्यासमोर बसून पाने म्हणायचे, म्हणजे पाव, आणि पोळी पुढे करायचे. आक्वा म्हणायचे आणि पाणी पुढे करायचे. त्याला ते आवडायचं असं वाटतं, कारण तो त्यांच्या मांडीवर जाऊन बसायचा. मग हे त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचे. अज्जा नातवाला मांडीवर घेतो आणि काही म्हणत नाही, हे बघवत नव्हतं मला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासायची.

शेजारच्या अक्कांना हे कसं सांगणार? त्यांना सांगितलं होतं, पण पटलं नव्हतं. त्या गिरमिटाची बशी घेऊन आल्या. चुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटोचा मसाला कालवलेला, वर शेव, आमच्याकडचं संध्याकाळचं खाणं. आल्या त्या थेट त्याच्याजवळ गेल्या आणि "बा रे बाळा, ये. गिरमिट तिनत्या? खाणार?" असं एका दमात म्हणाल्या. मुलगी खुर्चीत ताठ झाली. मी अक्कांकडे बघू का मुलीकडे बघू कळेना. मुलानं मात्र चुरमुरे तोंडात भरले, अक्कांच्या मांडीला रेलून उभा राहिला आणि मोकळ्या हातानं स्वतःच्या पोटावर थाप मारत म्हणाला, "गिर-मित-ते."

अक्का ओरडल्याच. "मातनाडतान! बोलायलाय की हा! कोण म्हणतंय बोलत नाही?"

मी मुलीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती मान हलवत होती. "आई, तो आता गोष्टींची नावं घ्यायला लागलाय. तिकडं पण लागलाय. बाईंचा उपाय लागू पडतोय, कळलं का? म्हणूनच आता मध्ये काही नको." आणि ती अक्कांशी गोड हसून त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. अक्का रिकामी बशी हातात धरून उभ्या होत्या. "माझं काय चुकलं का?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना चहा घ्या म्हणाले.

जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मुलगी सामान भरत होती. मी बाहेर कागद घेऊन बसले होते, एकटीच, तावोलो म्हणत. एवढ्या दिवसांत तो शब्द माझ्या तोंडात बसला नव्हता. इतर शब्द बसले, तो एक नाही, भीतीनंच असेल. दरवेळी जोर घसरून वो वर जायचा. नातू येऊन समोर उभा राहिला. मग त्यानं स्टूल ओढलं, माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल असं बसला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. तोंडावर एक फार शहाणा, सोशिक भाव होता. तो त्याचा नव्हता, कुठल्या तरी मोठ्या माणसाचा त्यानं उचलला होता.

"प्यानो, प्यानो," तो म्हणाला. म्हणजे सावकाश. मग माझे हात धरून टाळ्या वाजवायला लागला. पहिली मोठी, नंतर दोन लहान. "ता-वो-लो."

मी म्हटलं. चुकलं. तो रागावला नाही. "आंकोरा," म्हणाला, पुन्हा एकदा. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा त्यानं माझे हात घट्ट धरले, पहिली टाळी अशी वाजवली की माझ्या बांगड्या वाजल्या, आणि जोर ता वर बसला. "ब्रावा!" तो म्हणाला आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

मग तो पळत आत गेला आणि त्यानं आईला काहीतरी विचारलं. पुरतं वाक्य होतं. मला एवढंच कळलं की त्यात नोन्ना, म्हणजे आजी, हा शब्द आहे. मुलगी दारात आली. ती आधी हसत होती.

"काय म्हणायलाय तो?"

"विचारतोय, आजी पण त्या बाईंकडे जाते का? तिला पण बोलता येत नाही का?"

ती हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. मीही रडले. तिला वाटलं मी आनंदानं रडतेय, कारण पोर वाक्य बोललं होतं. आनंद होताच. पण माझी सगळी नोकरी बोलण्यात गेली, आणि या एका मुलाच्या लेखी मी बोलता न येणारी बाई होते. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं मला महिनाभर बघितलं होतं. मी कागद बघून एकेक शब्द काढायचे, अडखळायचे आणि गप्प व्हायचे. ज्याला बोलता न येणं अनुभवानं माहीत होतं, त्याला दुसरं काय वाटणार?

ती दोघं गेली. त्यानंतर त्याचं बोलणं सुटलं. मुलगी म्हणते, आता तर गप्प बस म्हणावं लागतं. बाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, तुमची भाषा पुढे कधीतरी घाला, हळूहळू, घाई नाही. पुढे कधीतरी म्हणजे कधी, हे मी विचारलं. मुलीलाही ठाऊक नव्हतं. तीच आता त्याच्याशी तिथली भाषा बोलते ती इतक्या सवयीनं की माझ्याशी बोलतानाही एखादा शब्द येतो आणि तिला त्याचं मराठी पटकन आठवत नाही. मी आठवून देते. देव करो आणि ते पोर असंच बोलत राहो, मला आणखी काही नको, असं मी रोज म्हणते. म्हणताना ते खरंही असतं.

परवा संध्याकाळी फोन आला तो त्यानंच लावलेला. आई आत होती. पडद्यावर त्याचं तोंड इतकं जवळ की नुसते डोळे आणि नाक. आणि तो सुरू झाला. शाळेत काहीतरी झालं असावं, कारण हात उडत होते, डोळे मोठे होत होते, मध्येच कुणाची तरी नक्कल होती. माझा कान आता तयार झालाय. प्रत्येक शब्द मला सुटा ऐकू येत होता. कुठला शब्द कुठे तुटतो, कुठलं अक्षर वर उचललं, कुठलं सोडून दिलं, सगळं लख्ख कळत होतं, मी त्याच्याबरोबर मांडीवर बोटानं ठेका धरू शकत होते. आणि तो काय सांगतोय यातलं एक अक्षर मला समजत नव्हतं.

मग तो थांबला. शेवट वर गेलेला होता, म्हणजे प्रश्न होता. तो माझ्याकडे बघत होता, उत्तरासाठी.

"सी," मी म्हटलं. हो.

त्यानं कपाळाला आठी घातली. पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, प्यानो प्यानो, माझ्यासाठी शब्द तोडून. मी पुन्हा सी म्हटलं आणि हसले. माझा हात आपोआप वर गेला होता, मी तो हलवत होते.

त्यानं मान वळवली आणि आतल्या खोलीकडे बघून आईला हाक मारून सांगितलं, "नोन्ना नॉन कापीशे."

आजीला कळत नाही. जोर पी वर. हे वाक्य मात्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.